जांभळं कापड आणि फुग्याच्या बाह्या

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. माझा नवरा तिला कळंबचं एस.टी. स्टँड म्हणतो. कारण तिथं कापड येतं, थोडा वेळ टेकतं आणि पुढच्या गाडीनं निघून जातं. मुक्कामाला कुणी राहत नाही.

हे कापड म्हणजे ओटीतले ब्लाऊजपीस. आपल्याकडं सवाष्ण घरी आली की तिला रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत. कुंकू लावायचं, पदरात तांदूळ, सुपारी आणि एक पीस घालायचा. ती बाई तो पीस घरी नेते, आपल्या पेटीत टाकते आणि तिच्याकडं कुणी आलं की तिच्या ओटीत घालते. तो पीस शिवून अंगात घालायचा असतो, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. मागं मी एक पोपटी पीस एका पाहुणीला दिला होता. त्याच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग होता, पोरांच्या पेनाचा. वर्षभरानं कुणाच्या तरी बारशात तोच पीस माझ्याच ओटीत पडला. मी त्याला ओळखलं. त्यानंही मला ओळखलं असणार. पण चार बायकांत आम्ही दोघांनी ओळख दाखवली नाही, आणि महिन्याभरात मी त्याला पुन्हा मार्गाला लावलं.

आता या पेटीची आणि माझी दुश्मनी कशी झाली ते सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मला जुन्या पद्धतीचे कपडे आवडतात. मोठ्या कॉलरचे, घेरदार, गळ्याशी बंद. असे कपडे दुकानात मागितले की दुकानदार आपल्याकडं काळजीनं बघतो. आणि टेलरकडं गेलं की तो पाठीवर एवढं मोठं भगदाड पाडून त्याला लटकन लावून देतो. मग मी मोबाइलवर बघून बघून स्वतःच शिवायला लागले. पायमशीन होतंच. कापड कुठून आणायचं? पेटी समोर होती.

आधी मी सहा पीस जोडून घोळदार स्कर्ट केला. मग नवऱ्याला आमच्या लग्नात आहेरात आलेल्या आणि तेव्हापासून झोपून असलेल्या पॅन्टपीसची बेलबॉटम केली, स्वतःला. नवरा म्हणाला, ‘‘हे घालून गाडीवर मागं बसू नकोस. वारं भरलं तर उडून डिकसळला उतरशील.’’ शाळेतल्या पोरींना मात्र बेलबॉटम फार आवडली. तेवढं मला पुरे होतं.

घरात खरा विरोध होता तो आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांनी सत्तरी ओलांडली आहे. अंगानं काडी आणि जिभेनं सुरी. पेटी त्यांच्या ताब्यात. मामा गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरत नाही, त्याही कुणाची भरत नाहीत. विधवेनं त्यात हात घालायचा नाही, असा नियम, आणि हा नियम आमच्या घरात सगळ्यात कडक पाळत असतील तर त्या स्वतःच. पण कुणाला कोणता पीस द्यायचा हे मात्र त्याच ठरवतात, लांब बाजेवर बसून, नुसत्या डोळ्यांनी. जवळची पाहुणी असली की नजर पेटीच्या उजव्या कोपऱ्यात जाते, तिथं चांगला माल. लांबची असली की डाव्या कोपऱ्यात, तिथं ते झिरझिरीत, सोनेरी टिकल्यांचं. मी चुकून उजवीकडं हात घातला तर त्यांना खोकला येतो.

स्कर्ट बघून त्या म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, ते वापरायचं कापड न्हाय, द्यायचं हाय. सहा बायकांची वटी तू कमरंला गुंडाळून हिंडायलीस.’’

‘‘आत्या, पण कुणीच वापरत नाही. नुसतं फिरतंय.’’

‘‘फिरू दे की. तुझ्या काय बापाचं जातंय?’’

मी पेटीवर डोळा ठेवून राहिले.

एकदा मी जुने नमुने बघायला घरातले फोटो काढून बसले होते. त्यात एक फोटो सापडला. बार्शीच्या कुठल्याशा स्टुडिओतला, मागं रंगवलेल्या बागेचा पडदा. मामा खुर्चीत ताठ बसलेत, जणू कुणी खिळे मारलेत. शेजारी आत्या उभ्या. नुकतं लग्न झालेलं. आणि अंगात काय झंपर होतं म्हणून सांगू! गळ्याशी बंद, समोर बारीक बटणांची ओळ आणि खांद्यावर फुग्याच्या बाह्या, दोन्हीकडं टम्म. मी फोटो घेऊन पळतच बाजेजवळ गेले.

‘‘आत्या, हे मला शिवायचंय. हे झंपर आहे का अजून?’’

त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, ‘‘ते माझं नव्हतंच.’’

ते झंपर होतं त्यांच्या थोरल्या जावेचं. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्काचं माहेर तालेवार, तिचे कपडे सोलापूरहून शिवून यायचे. फोटो काढायला चौघं गेले होते, दोन भाऊ आणि दोघी जावा. आधी अक्काचा फोटो झाला. मग अक्कानं पडद्यामागं जाऊन झंपर उतरवून आत्यांना दिलं, फोटोपुरतं. फोटो निघाला.

‘‘निघाला की म्हणली, दे आता. तिथंच पडद्यामागं काढून दिलं,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘वाईट न्हवती हो अक्का. तिचं व्हतं, तिनं घेतलं.’’

‘‘मग तुम्ही नाही शिवलं तसलं?’’

त्यांनी फोटो बाजेवर ठेवला. मग उठल्या, पेटीपाशी गेल्या, उजव्या कोपऱ्यातला सगळा माल बाहेर काढला आणि तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खालून एक घडी काढली. जांभळं सुती कापड, त्यावर बारीक पांढरी फुलं. घडीवर घडी बसून रेघा पडलेल्या, पण रंग अजून वांग्यासारखा सतेज. मी ती पेटी इतक्यांदा उपसली होती, तरी हे मला कधी दिसलं नव्हतं.

येरमाळ्याच्या जत्रेत घेतलेलं. त्यांनी स्वतः, आपल्या पसंतीनं. मी उलगडून बघितलं तर साध्या पीसपेक्षा चांगलंच लांब होतं.

‘‘फुग्याला लागतं न्हवं का जास्ती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शिंप्याकडं टाकायचं म्हणलं तर दिवस गेले. मंग म्हणलं बाळंतपण होऊ दे. मंग सासूबाई आजारी. मंग पोरीचं लगीन. तवर म्हणलं आता काय वय हाय का. आन मंग तुझे मामाच गेले.’’

हे सगळं त्यांनी भाजीचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. मग घडी माझ्याकडं सरकवली आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, ‘‘नातीच्या लग्नात घालीन म्हणते. शिवतीस का? न्हायतर ऱ्हाऊ दे.’’

मला एकदम भरून आलं. पण आत्यांना रडणारी माणसं आवडत नाहीत, म्हणून मी म्हटलं, ‘‘लोक हसतील बरं का.’’

‘‘हसू दे. दात तरी दिसतील त्यांचे.’’

लग्न होतं नणंदेच्या मुलीचं, उन्हाळ्यात. हातात भरपूर दिवस होते. मी टेप काढला, तर त्यांनी हात झटकला. आत्यांनी जन्मात अंगाला टेप लावून घेतला नाही. शिंप्याकडं मापाचं झंपर द्यायचं आणि त्यावरून नवं शिवून आणायचं, ही त्यांची पद्धत. ते मापाचं झंपर माझ्या लग्नाच्याही आधीचं होतं. ‘‘आत्या, तुम्ही तेव्हा धडधाकट होता. आता निम्म्या राहिलात,’’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘झंपर तेच हाय न्हवं? मंग माप बी तेच.’’ मी हरले. जांभळं कापड रात्रभर पाण्यात भिजवलं, कारण सुती कापड शिवल्यावर आटलं की सगळी मेहनत पाण्यात. सावलीत वाळवलं, इस्त्री केली, घडी केली, वर मापाचं झंपर ठेवलं आणि मशीनवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेचं गॅदरिंग होतं. पोरांचे नाच बघायला मी आत्यांनाही घेऊन गेले. ते उरकलं की कापायला बसायचं ठरलं होतं.

घरी नवरा एकटाच होता.

संध्याकाळी आम्ही आलो तर हा दारातच छाती काढून उभा. तेरखेड्याच्या वहिनी येऊन गेल्या होत्या. या नवऱ्याच्या चुलत वहिनी. बाजाराला आल्या की डोकावतात. ‘‘मी स्वतः चहा केला,’’ हा म्हणाला. ‘‘आणि रिकाम्या ओटीनं नाही पाठवलं हं. शेजारच्या काकूंना हाक मारली, त्यांच्या हातून ओटी भरवली. सगळं रीतसर.’’

‘‘बरं केलंत,’’ मी म्हटलं आणि मशीनपाशी जाऊन कात्री उचलली. मशीनवर मापाचं झंपर होतं. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

‘‘अहो, पीस कुठला दिला?’’

‘‘तो काय, मशीनवरचा. पेटीतले सगळे चुरगळलेले होते. हा चांगला इस्त्री केलेला होता.’’

मी त्याच्याकडं वळले. माझ्या हातात अजून कात्री होती, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो दाराकडं सरकला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्या काकूंनी सगळं ऐकलं आहे, कुणाला हवं असेल तर त्या सांगतील.

आत्यांनी मात्र चप्पल काढली, पाय धुतले. मग म्हणाल्या, ‘‘असू दे. भांडू नका. घरातच हाय की. तिच्या अंगाला लागंल.’’

ते कुणाच्याच अंगाला लागणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

‘‘मी उद्या फोन करून मागवून घेतो,’’ नवरा म्हणाला.

‘‘गप बस. वटीतलं परत मागत न्हायीत. मागणाऱ्याला बी बरं न्हाय आन देणाऱ्याला बी.’’ त्यांनी मशीनवरचं मापाचं झंपर उचललं, घडी केली आणि आपल्या गाठोड्यात परत ठेवलं. ते मला बघवलं नाही. त्यापेक्षा त्या नवऱ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मागता येत नव्हतं. पण जाऊन बसायला तर बंदी नव्हती. पुढच्या रविवारी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली. तेरखेड्याला जायला निमित्त आयतं होतं. तिथले फटाके सगळीकडं जातात आणि आमच्या भाचीचं लग्न होतं. नवऱ्यानं पश्चात्तापाच्या भरात इतके फटाके घेतले की दुकानदारानं विचारलं, ‘‘किती लग्नं हायत?’’

वहिनींनी मायेनं घरात घेतलं. चहा झाला, चिवडा झाला. मी विषय काढला, ‘‘परवा ह्यांनी एकट्यानंच तुमची ओटी भरवली म्हणे. पीस कसा होता हो?’’

‘‘अगं बाई, लई भारी!’’ वहिनींचे डोळेच चमकले. ‘‘एवढा लांब पीस कोण देतंय आजकाल? माझ्या कपाटात शोभंना. म्हणलं, हा देण्यासारखा हाय. गुरुवारी लेकीकडं तामलवाडीला गेलते, तवा विहीणबाईंनाच घातला वटीत. लेकीची पत वाढली बघ.’’

नवरा चिवड्याकडं बघत होता. मी हसले. दुसरं काय करणार? निघताना वहिनींनी माझी ओटी भरली. पदरात बघितलं तर पोपटी रंगाचा पीस, कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग. गाडीवर बसल्यावर मी इतकी हसले की नवऱ्यानं गाडी थांबवली. त्याला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

घरी आल्यावर मी आत्यांना सगळं सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील, सोड आता. त्यांनी विचारलं, ‘‘कुठं म्हणलीस? तामलवाडीला?’’

‘‘हो. सोलापूरच्या रस्त्याला.’’

‘‘तुळजापूर वाटंतच लागतं.’’ मग गुडघे चोळत म्हणाल्या, ‘‘देवीला जाऊन लई दिवस झाले. आन तेरखेडवालीची लेक आपली बी नातच की. भेटून येऊ.’’

गुडघे दुखतात म्हणून गल्लीतल्या हळदीलाही न जाणारी ही बाई धाराशिवला एस.टी. बदलून तुळजापूरला, तिथून दुसऱ्या गाडीनं तामलवाडीला आली. देवीचं दर्शन येताना घेऊ म्हणाल्या. तेव्हाच मला कळलं की देवी आज दुसऱ्या नंबरावर आहे.

विहीणबाई दारातल्या पत्र्याच्या शेडखाली कांदे निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, आडव्या अंगाच्या, केसांत कांद्याची सालं अडकलेली. आमची पुतणी, म्हणजे वहिनींची लेक, आत स्वयंपाकात होती. आजी आणि काकू बघून ती धावतच आली. जेवण झालं, पिठलं, भाकरी, ठेचा. मग मी माझ्या कामाला लागले. माझा बेत सरळ होता. मी सवाष्ण, निघताना माझी ओटी भरणारच. तोच पीस पदरात पडला की झालं.

‘‘मला की नाही, जांभळा रंग फार आवडतो,’’ मी म्हटलं.

‘‘व्हय का?’’ विहीणबाई म्हणाल्या.

‘‘जांभळा आणि त्यावर पांढरी फुलं असली की मग तर काय!’’

‘‘आमच्या वांग्याला तसलीच फुलं येत्यात. दाखवू का रान?’’

पुतणी तोंडाला पदर लावून आत पळाली. विहीणबाईंनी कुंकवाचा करंडा आणला, तांदूळ आणले आणि पीस आणला. पिवळा. माझा चेहरा पडला तो मला स्वतःलाच जाणवला. पिवळा पीस पदरात घेऊन मी वाकून नमस्कार केला आणि मनात म्हटलं, आता खरंच संपलं.

‘‘विहीणबाई,’’ मागून आत्यांचा आवाज आला. त्या नेहमीप्रमाणे लांब, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ‘‘तुमच्याकडं एक जांभळं कापड आलंय. लांब. ते माझं हाय.’’

मी गारच पडले. ओटीतलं मागू नये, हे मला ज्यांनी शिकवलं त्याच मागत होत्या, तेही नातीच्या सासरी! पण त्या थांबल्या नाहीत. येरमाळ्याची जत्रा सांगितली, पडद्यामागं काढून दिलेलं झंपर सांगितलं, आपल्या लेकाचा गाढवपणा सांगितला. शेवटी म्हणाल्या, ‘‘मला फुग्याचं झंपर शिवायचं हाय. येकदा. म्हणून आलेय.’’

विहीणबाई उठल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या जांभळी घडी घेऊनच, माझ्या इस्त्रीसकट. माझा जीव भांड्यात पडला. मी हात पुढं केला.

‘‘हातात कसं देऊ?’’ त्या म्हणाल्या. ‘‘वटीत आलंय, वटीतनंच जाईल.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं आणि पदर पसरला. पिवळ्यावर जांभळं, माझं काय जातंय!

‘‘तुझी झाली की आता. आन ज्याचं कापड त्याची वटी.’’ त्या मला ओलांडून सरळ आत्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

आत्यांनी पाय जवळ ओढून घेतले. ‘‘मला चालत न्हाय, बाई. तुमाला ठाव हाय.’’

‘‘मंग ऱ्हाऊ दे हितंच,’’ विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘वटीतलं हातानं परत द्यायचं न्हाय. मी काय नियम मोडणारी बाई न्हाय.’’

आत्या त्यांच्याकडं बघतच राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम सांगणारी ही बाई आज दोन नियमांच्या मध्ये सापडली होती. एक पाळावा तर दुसरा मोडतो, आणि दुसरा पाळावा तर झंपर जातं. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं. पुतणी दाराआडून बघत होती. मग आत्यांनी खांद्यावरचा पदर ओढला, दोन्ही हातांनी धरला आणि पुढं केला. नजर मात्र खाली होती.

विहीणबाईंनी आधी कापड ठेवलं, मग ओंजळीनं तांदूळ घातले. कुंकवाचं बोट कपाळापाशी नेलं तेव्हा आत्या म्हणाल्या, ‘‘तेवढं ऱ्हाऊ दे.’’ विहीणबाईंनी बोट मागं घेतलं, आणि जागा भरून काढायला चार कांदे पदरात टाकले. ‘‘शेतातले हायत. असू द्या.’’

तुळजापूरला स्टँडवर उतरलो. देवळाकडं निघायच्या आधी आत्या बाकड्यावर बसल्या, पदराची गाठ सोडून कापड तपासलं, परत बांधलं. मग म्हणाल्या, ‘‘तुझ्या पिशवीत टेप असतंय न्हवं?’’

‘‘असतो की.’’

‘‘घे माप.’’

‘‘इथं? आणि मापाचं झंपर?’’

‘‘ते जुनं झालं. घे लवकर, माझा इचार बदलायच्या आत.’’

भरल्या स्टँडवर मी माझ्या सासूचं माप घेतलं. बाया बघत होत्या, कंडक्टर बघत होता. आत्या हात आडवे पसरून उभ्या होत्या आणि बघणाऱ्यांकडं उलट बघत होत्या. मापाच्या झंपरापेक्षा त्या चांगल्या चार बोटांनी आत गेल्या होत्या. इतकी वर्षं त्या ढगळ झंपरं घालून, आत पिना लावून वावरत होत्या आणि शेजारी बसून मी बेलबॉटमा शिवत होते.

आधी मी चाचणीला म्हणून दुसरंच कापड घेतलं. पोपटी, शाईच्या डागाचं. त्याला कात्री लावताना मला वाटलं, चला, याची भटकंती तरी संपली. बाहीच्या चुण्या दोनदा उसवल्या, फुगा कधी लोळायचा, कधी कानाला लागायचा. तिसऱ्यांदा जमला. मग जांभळं कापलं. बाजारातल्या बटणवाल्या चाचांकडून काचेची बारीक बटणं आणली. त्यांनी तळाचा डबा शोधून काढला आणि म्हणाले, ‘‘ये तो कोई पूछताच नहीं अब. किसकी बच्ची के वास्ते?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या सासूबाईंना.’’ चाचांनी दोन बटणं जास्त घातली.

लग्नात आत्या मांडवात आल्या तेव्हा नणंद धावत आली. ‘‘आई! अगं हे काय घातलंस?’’

‘‘फुगे हायत,’’ आत्या म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

काही बाया हसल्या. त्यांचे दात दिसले. काहींनी येऊन बाही चाचपून बघितली आणि मला हळूच विचारलं, कुणाकडं शिवलं? मी नाव सांगितलं नाही. नाहीतर सगळ्या कळंबच्या पेट्या माझ्या मशीनवर येऊन पडल्या असत्या.

अक्काही आल्या होत्या, आत्यांच्या थोरल्या जाऊबाई. त्यांना आता फारसं आठवत नाही. नातवानं त्यांना पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं. आत्या त्यांच्या पाया पडायला वाकल्या, तशी अक्कांची नजर त्या बाहीवर गेली. त्यांनी दोन बोटांत फुगा धरला. दाबला, सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सापडल्यासारखं झालं.

‘‘माझं झंपर न्हवं का गं हे?’’ अक्का म्हणाल्या. ‘‘फोटू झाला का तुझा? दे आता.’’

मी शेजारीच उभी होते. आत्यांनी अक्कांचा हात हळूच बाहीवरून काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

‘‘न्हाय अक्का,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे माझं हाय.’’

आणि मग फोटोवाल्याला त्यांनीच हाक मारली.